बॅटरी बासष्ट

टाकीला केबल-टायने बांधलेला पाइप बघून
सेक्रेटरी वाघळे म्हणाले, हे काय लावलंय?
म्हटलं, रेडिओ आहे.
गाणी लागतात?
नाही. दर पंधरा मिनिटांनी तो हवेत सांगतो,
मी आहे.
कोणाला?
जो ऐकेल त्याला.
वाघळे बराच वेळ पाइपाकडे बघत राहिले.
आठशे पासष्टच्या पट्ट्याला परवाना लागत नाही, मी म्हटलं.
सोसायटीचा लागतो, ते म्हणाले,
आणि जाताना टाकीचं झाकण दाबून गेले.

तीन आठवडे कोणीच नाही.
दिवसा लॅबमध्ये लोकांचं रक्त यंत्रात फिरवायचं,
रात्री ओट्यावर सांडशीत बोर्ड धरून
तीच तार पुन्हा डागायची.
नवरा म्हणाला, आमटीला राळेचा वास येतोय.
स्क्रीनवर एकच नाव. माझं.

मग एका मंगळवारी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
गोंगाटाच्या सतरा डेसिबल खालून,
म्हणजे भांड्यांच्या दुकानात कोणी पुटपुटावं तसं:
"ऐरोली. मढवी. वायरमन. ऐकू येतंय का?"
मुलुंड आणि ऐरोलीच्या मधे
मिठागरं, खारफुटी, खाडी.
पाणी आडवं येत नाही. भिंती येतात.

एका निरोपात दोनशे बाइट मावतात.
इंग्रजी अक्षर एक खातं, आपलं तीन.
ज्ञ घेतला की नऊ गेले.
क्षमस्व एकवीसला पडतो,
म्हणून आम्ही एकमेकांची माफी मागत नाही.
आधी विशेषणं गेली, मग नमस्कार,
उरलं ते असं:
"बॅटरी ६२."
"इकडे ५८. ऊन कमी."
"पॅनल पुसा. कावळा."
त्याची मुलगी बारावीला आहे
हे मला चार हप्त्यांत कळलं.
माझा गुडघा एका ओळीत मावला.
भेटलो नाही. पूल आहे, बस जाते.
पण भेटून बोलणार काय, बॅटरीबद्दल?

मग हायवेलगत टॉवर चढायला लागला.
मी स्लॅब मोजत गेले, काचपट्टीवर पेशी मोजतात तसे.
नवव्याला उणे अठरा.
अकराव्याला एकोणीस.
तेराव्याला मढवी गेला.

पाइप सहा फूट वाढवला.
शिडी वाघळ्यांनी धरली, कोणी सांगितलं नव्हतं.
अजून म्हणतोय ना, मी आहे?
म्हणतोय.
मग झालं तर, ते म्हणाले.
पण झालं नव्हतं. ते त्यांनाही दिसत होतं.
मी रोज रात्री "बॅटरी ६०" पाठवायची,
आणि खाली तो छोटा ढग,
ज्याचा अर्थ पोचलं नाही.
टॉवर चढतच होता.

सहा महिने गेले.
मग दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, निरोप आला.
दोन तुकडे होते, दुसरा आधी पोचला:
"ताबा दिवाळीला. तोवर चालेल."
कसला ताबा? डबा तसाच उघडा राहिला.
अर्ध्या तासाने पहिला:
"टॉवरचं वायरिंग मिळालं. ३४ व्या मजल्यावर डबी चिकटवलीय."

संध्याकाळी आणखी एक:
"इथून तुमची गच्ची दिसते. निळी टाकी ना?"

ॲप्रन न काढताच वर गेले.
चौतिसावा मजला कुठला ते कळेना,
सगळ्या खिडक्या बिनकाचेच्या, सारख्याच काळ्या.
तरी दोन्ही हात हलवले, सुटलेली एसटी थांबवतात तसे.
वाघळे कुंड्यांना पाणी घालत होते.
त्यांनीही एक हात वर केला,
कोणाला, ते न विचारता.

फोन थरथरला.
"माणूस दिसत नाही. टाकी दिसते.
झाकण उघडं आहे.
बॅटरी ४१."