दहा मायक्रोग्रॅम

थर्मोकोलचा खोका गेटवर आला,
इरप्पानं वहीत कन्नडमध्ये नोंद केली,
मी खाली मराठीत सही.
"एवढ्याशात काय हाय ओ, मॅडम?"
इंटरल्यूकिन-दोन, म्हटलं.
कुपी उजेडात धरली तर रिकामीच.
उघडण्याआधी गरगर फिरवावी लागते,
नाहीतर सगळी किंमत झाकणालाच चिकटून राहते.

जनुक माणसाचं, रांधलंय जिवाणूनं,
म्हणून अंगावर साखरेच्या साखळ्या नाहीत.
निरोप मात्र तोच:
उठा, वाढा, कुणीतरी आत शिरलंय.

लेबलवर छापलंय, माणसांसाठी वापरू नये.
इरप्पाची लेक दोन वॉर्ड पलीकडं आहे.
हे त्याला वाचून दाखवलं नाही मी.

तिसऱ्या दिवशी भिंगाखाली
टी-पेशी घोळक्यानं जमलेल्या,
शनिवार खुटावर बाजाराला जमावं तशा.
बिनसाखरेची बोली कळली त्यांना.
पुण्याच्या परिषदेत माझं येळ्ळूरचं मराठी ऐकून
एकानं विचारलं होतं, "तुम्ही कन्नड का?"
तेव्हा हसले होते नुसती.

संध्याकाळी गेटवर इरप्पा.
"उगवलं काय?"
उगवलं, म्हटलं.
त्यानं वही पुढं सरकवली,
पेन त्याच्याच खिशात राहिलं होतं.