नग अकरा

पहिली मिळाली परतवाड्याच्या भंगार गल्लीत,
रहमतुल्लाच्या ढिगात, गाडीच्या मोडक्या आऱ्यांखाली.
आत सायकलचे छर्रे भरले होते.
छर्रे त्याने डब्यात ओतून घेतले, खोळ मला तीस रुपयांना दिली,
वर विचारलं, “कंडक्टर, याच्यात ठेवसान काय?”
मी म्हणालो, पाहू.
सत्तावीस वर्षं झाली. अजून पाहतोच आहे.

तेव्हा माझ्याही खांद्याला चामडंच होतं,
महामंडळाचं, चिल्लरीनं जड.
सदरा त्याच जागी विरायचा दर वर्षी.
म्हणून असेल,
चामड्याला कुठे कोणाचं अंग घासलं
ते बोटांना आपोआप कळतं.

ही पाहा. झाकण मोठं, गुंडी पितळेची,
आत शिक्का : कानपूर, बेचाळीस, आणि एक बाण.
टाके इंचाला आठ.
चंपत मोच्याने मोजले, मग स्वतःच्या चपलेचे मोजले,
आणि चहा न घेताच उठून गेला.
ही डावखुऱ्याची. पट्ट्याचा घास उलट्या अंगाला आहे.
कोण होता, कुठल्या मुलखातला, लिहिलेलं नाही कुठे;
फक्त डावखुरा होता, एवढं नक्की.
आणि हिच्यात मारोती न्हाव्याच्या आज्याचा वस्तरा राहायचा.
मारोतीने फिरती खुर्ची आणली, काचेचं दार बसवलं,
तेव्हा दिली. अजून नाक लावा, तुरटी येते.

मे महिन्यात चामडं तडकू पाहतं,
श्रावणात बुरशी, पितळेला हिरवा कळंक.
मेण, त्यात थेंबभर एरंडेल, जुन्या धोतराचं फडकं,
पेटीत कडुनिंबाचा पाला.
बायको म्हणते, “एवढं माह्या टाचांले लावलं असतं तं.”

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तशी बोलणी फुटली :
गावंडे कंडक्टरच्या घरी पिस्तुलं आहेत. अकरा.
फौजदार उइके आले, सोबत दोन पंच.
गव्हाची कोठी उपसली, देवघर पाहिलं,
न्हाणीमागची तुरीची पेंढी हलवली.
मग अकरा खोळी खाटेवर मांडून
एकेकीत हात घातला साहेबांनी, मनगटापर्यंत,
वासराच्या तोंडात घालतात तसा, जपून.
कागदावर आलं :
‘चामडी खोळी, नग अकरा, जुन्या, वापरलेल्या.
आत काहीही मिळून आले नाही.’
माझ्या संग्रहाची एवढी नेमकी नोंद
मला स्वतःला कधी जमली नव्हती.
खाली सही केली.

पंच गेले. साहेब रेंगाळले.
“कंडक्टर, जरा ही पाहता का?
गुंडी सैल झाली. जीपमध्ये चढताना उघडते.”
आणि त्यांनी ते काढून ठेवलं,
टेबलावर, कालच्या पेपरावर, साखरेच्या डब्याशेजारी.
या घरात आलेलं पहिलं पिस्तूल.
बायको कपबश्या घेऊन दारातच थांबली.

मी तिकडे पाहिलं नाही.
खोळ हातात घेतली.
कोमट होती.

अकरा खोळी, सत्तावीस वर्षं,
एकीनेही मला हे सांगितलं नव्हतं.
कडेवरचं लेकरू कोणी आपल्याकडे द्यावं,
आणि त्याची ती बाजू गरम लागावी, तशी.
पट्ट्याजवळ घामाचा ओला पट्टा होता. मिठाचा वास.
डावखुऱ्याचीही अशीच असणार
ज्या दिवशी त्याने ती उतरवली,
किंवा कोणी त्याच्यावरून उतरवली.

आरी घेतली. चार टाके घातले, पाचवा जास्तीचा.
साहेबांनी गुंडी लावली, उघडली, लावली.
“बसली. किती झाले?”
तोंडून जुनंच वाक्य गेलं :
सुट्टे नाहीत.
ते हसले. जीप सुरू झाली. कोंबड्या पांगल्या.

पेपरावर तेलाचा लांबट डाग उमटला होता.
बायकोनं तो घडी न घालताच चुलीत सरकवला,
साखरेचा डबा पुसला,
मग कितीतरी वेळ हात धूत राहिली.