शेरा

लिफाफ्यावर लाखेची पाच सीलं, एकात केस अडकलेला.
पंचनामा म्हणतो: हिरवट, ताजा, उग्र दर्प.
जप्ती नऊ दिवसांपूर्वीची, अँटॉप हिल, संध्याकाळी सव्वासात.
आरोपी सॅमसन नाडर, वय एकोणीस, धंदा शहाळी विकणे.
वजन जुळतं. सीलं शाबूत.
दोन पंचांच्या दोन सह्या, वळण एकच.
तो माझा विषय नाही.

पुडी उघडते.
रंग तपकिरी. वास
बंद पडलेल्या पेटीचा भाता उघडावा तसा,
लाकूड, धूळ, आणि कुणीतरी गाणं सोडल्याचा.

गंगावणे म्हणतो, मॅडम, रंग आला की परीक्षानळीत,
लिहून टाका, गांजा आहे.
आहेच. नाही कोण म्हणतंय?
तरी मी चिमूटभर मेथेनॉलमध्ये भिजवते, गाळते,
यंत्राला थेंबाचाही थेंब पाजते.
कलिन्याच्या या खिडकीवरून विमानं इतकी खाली येतात
की रॅकमधल्या बाटल्या एकमेकींना कोपरानं ढोसतात.
मी वाट पाहते.

आधी येतो तो मोठा, नावाजलेला,
ज्याच्यासाठी कायदा, धाडी, मथळे.
आज तो टेकाडाएवढाच.
आणि त्याच्या मागून, दीडेक मिनिटानं,
जिथे एरवी रेघ नुसती शहारून पुढे जाते,
तिथे हा उभा.
कॅनाबिनॉल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी याला कचरा समजायचे.
याची ओळख हळूहळू झाली, शेजारच्या बिऱ्हाडाशी होते तशी.
झाड याला जवळपास बनवतच नाही.
याला बनवते हवा. ऊन. पत्र्याखालची खोली.
तो मोठा पडून राहतो, पडून राहतो,
आणि एकेक करून त्याचे चार हायड्रोजन गळतात.
एकवीस कार्बन तेच, सांगाडा तोच,
नशा मात्र बरीचशी उतरलेली.
झोप आणतो म्हणे. परदेशात बाटल्यांवर तसं छापतात.
पुरावा तोकडा आहे.
मला तरी त्या रात्री त्यानं टक्क जागं ठेवलं.

कारण नऊ दिवसांत इतका कॅनाबिनॉल होत नाही.
याला वर्षं लागतात. दोन, कदाचित चार.
म्हणजे ही पुडी त्या पोराच्या हातगाडीखाली येण्याआधी
कुठल्या तरी कपाटात,
कुठल्या तरी जुन्या गुन्ह्याच्या नंबराखाली...

थांब. तू रसायनतज्ज्ञ आहेस.

उष्णतेनंही होतो. गोदामाच्या पत्र्यावर मे महिना तापला,
तर महिन्याचं काम आठवड्यात उरकू शकतं.
किंवा पोरानंच जुना माल घेतला असेल, स्वस्तात.
शपथेवर उभं केलं, वकिलानं विचारलं, "खात्री आहे?"
तर मी नाही म्हणेन. मला नाही म्हणावंच लागेल.

छापील नमुन्यात रकाना एकच: आहे / नाही.
वयाला रकाना नाही.
खाली "शेरा", दोन बोटं जागा,
जिथे आम्ही सगळे वर्षानुवर्षं "निरंक" लिहितो.
साहेब म्हणाले, विचारलंय तेवढंच सांगावं, कुलकर्णीबाई,
आपण काय पंचांग आहोत का?

मी "आहे" वर खूण केली.
मग शेऱ्यात लिहिलं:
कॅनाबिनॉलचं प्रमाण लक्षणीय. नमुना जुना असू शकतो.
"असू शकतो" तीनदा खोडलं. तीनदा परत लिहिलं.
आलेख जोडला. पान चौथं. ते कुणी उलटेल का, माहीत नाही.

संध्याकाळी फाटकाबाहेर एक जण शहाळी तासत होता.
कोयत्याचे तीन घाव, टोपी उडाली, पाणी चमकलं.
मी म्हटलं, बांधून दे, घरी नेते.
तो म्हणाला, ताई, एकदा तोंड उघडलं की लगेच प्यायचं.
वारा लागला की ते ते राहत नाही.

मी तिथेच प्यायले, उभ्यानं.
एकोणीस वर्षांच्या सॅमसनला
माझं चौथं पान समजावायला
एवढं एक वाक्य पुरलं असतं.