मागची कडी

कुलूप फोडलं नाही कुणी.
टांडापेठेतल्या माझ्या दुकानात
(लग्नपत्रिका, शिक्के, तेरवीचे कार्ड)
मी स्वतःच उठून कडी काढली
कार्तिकातल्या एका दुपारी,
फॉन्ट फुकटात मिळत होते म्हणून.
दोनशे बारा फॉन्ट. एकाचा ळ तर असा
की गिऱ्हाइकानं आधी त्याच्यावरून बोट फिरवावं.
सोबत सूचना होती: बसवताना
अँटीव्हायरस दोन मिनिटं बंद ठेवा.
ठेवला.
राखणदाराला मीच चहाला पाठवलं.

फॉन्ट बसले. त्यांच्यामागून आणखी कुणीतरी बसलं,
चपला हातात घेऊन.

मग सहा महिने काहीच झालं नाही.
फक्त रात्री, मी गल्ला मोजत असताना,
मशीनचा पंखा धापा टाकायचा.
म्हटलं, नागपूरचा मे, माणसं धापतात, हा तर डबा.
कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं.
चोराला वारा घातला म्हणा ना.

एका रात्री माउसवर हात नसताना
बाण सरकला. हळूच, बँकेच्या पानाकडे,
पाहुण्यानं फडताळाकडे पाहावं तसा.

प्रज्वला खोब्रागडे इंदोऱ्याहून आली,
स्कूटीवर, दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळून.
बोललीच नाही काही. आधी नेटची वायर उपटली.
"आता बोंबलू दे त्याले, ऐकू कोणालेच जात नाही."
मग म्हणाली, "अँटीव्हायरस काऊन बंद केला होता?"
मी ळ दाखवला.
तिनं बराच वेळ पाहिला. "चांगला हाय," म्हणाली.

बँकेला फोन लावायला लावला. पासवर्ड सगळे
माझ्या मोबाइलवरून बदलवले, या मशीनला हात नाही.
पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, कोपरा न् कोपरा झाडला.
तो प्रिंटरच्या अपडेटचं नाव लावून बसला होता,
माझ्याकडे नसलेल्या कंपनीच्या प्रिंटरचं.
मारला. मशीन चालू केलं. परत हजर.
घड्याळाला सांगून ठेवलं होतं त्यानं,
दर वीस मिनिटांनी मला उठव.
ती नोंद पुसली. खाली अजून एक निघाली.
"सहा महिने आत राह्यलेल्यानं
किती कड्या सैल केल्या, कोणाले माहीत.
फायली काढून घ्या. नुसत्या फायली, प्रोग्राम एकही नाही.
बाकी सगळं पुसून नव्यानं टाकू."

"तो पाहत काय होता?"
"दाबलेली प्रत्येक कळ."
"खोडलेलं पण?"
"खोडलेलं पण."

माघात बाबांची तेरवी झाली.
कार्ड मीच जुळवलं, रात्री, शटर अर्धं ओढून.
'अल्पशा आजाराने' लिहिलं. पुसलं. आजार अल्प नव्हता.
'आमचे लाडके' लिहिलं. पुसलं. असं आमच्यात कुणी कुणाला म्हणत नाही.
'बाबा, त्या दिवशी मी मेडिकलला मुद्दाम उशिरा आलो' लिहिलं
आणि बॅकस्पेस दाबून धरली
रेघ कोरी होईपर्यंत.
छापलं ते चार ओळींचं, सगळ्यांसारखं.
आईला माहीत नाही. बायकोला नाही.
कुठल्या गावी बसलेल्या त्या माणसाला माहीत आहे,
आणि त्याला मराठी येत नसावी
की येत असावी,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

पट्टी सत्तर टक्क्यांवर असताना लाइट गेली.
इन्व्हर्टरनं धरून ठेवलं.
त्या अर्ध्या उजेडात प्रज्वलानं पर्समधून पाकीट काढलं,
एक मरून टिकली कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटवली.
"ह्याचा उपयोग कमी हाय," म्हणाली, "पण बरं वाटते."

आता फॉन्ट विकतचे आहेत, पाच, बिलासकट.
ळ ठीकठाक आहे.
काल बिनाकीचा एक जण तेरवीचं कार्ड करायला आला.
"अल्पशा आजाराने, असं टाका."
माझी बोटं कळांवर थांबली.
"अल्प होता?" मी विचारलं.
तो बाहेर रस्त्याकडे पाहत राहिला.
मग त्यानं स्टूल ओढलं.