अळणी

पहिल्यांदा आली तेव्हा मी लिहिलं : शिळी सार्डिन.
दुसऱ्यांदा लिहिलं : वय.
खरं तर सहा वर्षं हे काही वय नव्हे,
पण शनिवार होता,
बाहेर चार जण मांजरांच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसलेले,
आणि बोलोता तशीही सलाइनच्या दुसऱ्या बाटलीला
उठून बसली होती,
बेल्मीरोच्या गुडघ्याला नाक पुसत.

बेल्मीरो आवेरोच्या खाडीवर मीठ पिकवतो.
हाताच्या भेगांत एक पांढरी रेघ,
साबणानं न जाणारी.
जाताना दारात थांबून म्हणाला होता,
"डॉक्टरीणबाई, ही हल्ली माझे बूट चाटते."
मी हसले. कुत्री चाटतातच बूट.
कार्डावर ते नाही.
आत्ताही उलटून पाहिलं मी.

तिसऱ्यांदा तिला टेम्पोच्या मागून आणलं,
मिठाच्या रिकाम्या गोणीवर निजवून.
हिरड्या फिक्या, पाय गार,
कुरळे काळे केस पाण्यात न जाताच ओले वाटणारे.
मी स्टेथोस्कोप लावला आणि थबकले.
शरीर बुडत असताना हृदयानं धावायला हवं,
घराला आग लागल्यावर माणसं धावतात तसं.
हे चालत होतं.
मिनिटाला बेचाळीस.
जेवण झाल्यावर शतपावली घालावी, तसं.

रक्ताचा कागद आला.
पोटॅशियम चढलेलं, सोडियम तळाला,
आणि पांढऱ्या पेशी स्वस्थ.
एवढ्या आजारी जिवाच्या रक्तात
कसलीच धांदल नाही.
काय आहे ते वाचायला मला शिकवलं होतं;
काय नाही, ते वाचायला वीस वर्षं लागली.

मूत्रपिंडांच्या उशाशी दोन ग्रंथी असतात,
शेंगदाण्याएवढ्या.
संकटात त्यांनी आरोळी ठोकायची,
आणि रोजच्या रोज, कुणी न सांगता,
मीठ धरून ठेवायचं.
बोलोता मिठाला जागणारी होती.
ग्रंथी निजल्या होत्या.
बांध झिरपणाऱ्या वाफ्यासारखं
मीठ चाललं होतं तिच्यातून,
दर सकाळी, मिठागराच्या कडेच्या गवतात.

आणि मी दोनदा तिच्या शिरेत काय सोडलं होतं?
मिठाचं पाणी.
त्यानं तिला दोनदा उठवलं
आणि दोनदा आजार झाकून ठेवला.

नक्की करायला एक तास लागतो.
रक्त घ्यायचं.
ग्रंथींना हाक मारणारी सुई द्यायची.
घड्याळ.
पुन्हा रक्त.
बेल्मीरो खुर्ची सोडून फरशीवर बसला,
बाटलीतले थेंब मोजत.
इदालिनानं कॉफी आणून दिली, ती गार झाली.
मध्येच म्हणाला, ऑगस्टमध्ये एखादी सर येते,
अगदी छोटी, छत्रीसुद्धा काढत नाही कुणी,
आणि पंधरा दिवसांचं मीठ विरघळून जातं.
जाताना दिसत नाही.
मी मान हलवली. मला सुचलं नाही काही.

दुसऱ्या दिवशी आकडे आले.
हाकेआधी जवळजवळ शून्य.
हाकेनंतर तेवढंच.
ग्रंथींनी ओ दिली नव्हती.

आता महिन्याला एक सुई,
सकाळी पाव गोळी पावाच्या तुकड्यात,
जत्रेच्या दिवशी, फटाके उडायच्या आधी, अर्धी.
जन्मभर, असं सांगितलं
तेव्हा त्यानं विचारलं, "कुणाच्या?"
आणि स्वतःच हसला.

काल आला होता सुईसाठी.
बोलोतानं माझ्या टेबलाचा पाय हुंगला,
वजनकाट्यावर चढायला साफ नकार दिला.
बेल्मीरो दारात थांबला, नेहमीसारखा.
"आता बूट चाटत नाही,"
थोडं तक्रारीच्या सुरात म्हणाला,
"धुवायचे राहिलेत म्हणून मुद्दाम बाहेर ठेवतो,
तरी ढुंकून बघत नाही."

मी पेन शोधलं.
त्याला थांबवलं,
आणि जसंच्या तसं लिहून घेतलं.