दोन बोटांचा आस

सगुण गिरपाने रापणीचं जुनं जाळं खळ्यात पसरलं,
त्यात कधीचा अडकलेला एक पेडवा निघाला,
वाळून कागद झालेला.
तो कावळ्याकडे भिरकावून त्याने मला विचारलं,
"किती बोटांचो आस व्हयो?"

कमिटीचं पत्र माझ्या खिशात होतं :
प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी, दोन्ही गावांच्या मध्ये,
सुरूच्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत,
उंची बारा हात.
आसाबद्दल पत्रात काही नव्हतं.

मी म्हटलं, दोन.
"दोन बारीक रे. पोरांक कॉर्नर दिसाक व्हयो.
चार घेवया. दगड काय चारातून जाणा नाय."
मी म्हटलं, सेल जातो.

सुई थांबली.

गेल्या वर्षी फायनलला, शेवटच्या मिनिटाला
खाडीपलीकडच्यांनी दुसरा गोल घातला
आणि त्यांच्या बाजूला कुणाचं तरी कपाळ फुटलं.
दगड, असं आमच्या गावाने सांगितलं.
दगड, असं त्यांच्या गावानेही.
पोलीसपाटलाच्या वहीत दगडच आहे.

"सेल होतो, ह्या तुका कसा म्हायत?"

मागच्या बागेत कुणीतरी नारळ पाडत होतं.
धप्प.
मग बराच वेळ काहीच नाही.
धप्प.

कपाळ कॅजिटन लोबोचं होतं. टेंपोवाला.
तो खेळ बघायला आलाच नव्हता, भाडं घेऊन आला होता,
कोण जिंकतंय हे न विचारता शेंगा सोलत बसला होता.
भुवईच्या वर सहा टाके.
मला तो दिसला नव्हता. मला बाजू दिसली होती.
बाजूला मारलं की कुणालाच लागत नाही, असं वाटतं.

बॅटरी घरून आणली होती, परतताना तरीची वाट काळोखी म्हणून.
त्यातला एक सेल गेला. एकावर दिवा लागत नाही.
चाचपडत घरी पोचलो तेव्हा आईने विचारलं, बॅटरी खंय?
उरलेला सेल अजून खिळ्यांच्या डब्यात आहे,
गळून हिरवा झालाय.

सगुण एक विडी संपेपर्यंत थांबला.
मग सुई माझ्या हातात दिली.
"डोक्याच्या उंचीक पट्टो मारुया. दोन तर दोन.
पाच रात्री लागतले. तूच ईण."

सहा लागल्या.
आस सारखा पडावा म्हणून दोन बोटांवर दोरा घ्यायचा, गाठ, ओढ,
पुन्हा दोन बोटं.
चौथ्या रात्री बोटांची सालं निघाली, तेव्हा त्याने खोबरेल पुढे सरकवलं
आणि बांगड्याच्या भावाबद्दल बोलत राहिला.

यंदाही तेच आले, तोच टेंपो.
कॅजिटन जाळ्याला लागून बसला, त्याच जागी,
आसातून बोट घालून बघितलं. पेरापर्यंत गेलं.
शेजारच्या पोराला म्हणाला, "बरं विणलंय."

आम्ही यंदाही हरलो. पेनल्टीवर.
मग यायचं ते आलं : पाण्याची बाटली, करवंटी,
अर्धा चावलेला काजूचा बोंडू, एक डाव्या पायाची चप्पल.
सगळं जाळ्यात शिरलं, हललं, आणि लोंबत राहिलं.
पलीकडची एक बाई आधी वाकली, मग हसली.
माझे दोन्ही हात खांबाला धरलेले होते,
खांब पक्का होता, तरीही.

काळोख पडायच्या आधी सगुण घोव खाली काढावा तसा
एकेक वस्तू सोडवत होता.
"चप्पल कोणाची?" त्याने मोठ्याने विचारलं.
सगळा गाव दोन्ही पायांवर उभा होता, कुणीच बोललं नाही.

टेंपो वाळूत रुतला होता. मी मागून लोटला.
सुटला तेव्हा कॅजिटनने आरशातून हात केला.
भुवईवरची पांढरी रेघ मला आरशात दिसली,
उलट बाजूला.
मीही हात वर केला,
बोटं फाकवून, आत काही नाही हे दिसेल असा,
आणि टेंपो बंदराच्या वळणाला जाईपर्यंत
तसाच धरून ठेवला.