भाजक

सकाळी साडेसातला, रात्रपाळी चहाला खाली उतरलेली असते
तेव्हा मी मोजायला निघते.
किती खाटा, किती माणसं,
आणि कितीजणांच्या मानेतून, मांडीतून
नळी रक्तात गेलेली.
माझ्या वहीत वय नळीचं असतं, माणसाचं नाही.
आज चौथा दिवस. आज अकरावा.
सहा नंबरची काल काढली, तिच्यापुढे आडवी रेघ.
रंकाळ्याच्या बाजूच्या खिडकीतून ऊन येतं
ते पारदर्शक पट्टीवर थांबतं, मी वाकून बघते:
कड सुटलीय का, आत ओल आहे का,
तारीख कुणी घातलीय का.

बेरीज खाली जाते. तिला भाजक म्हणायचं.
वर येतो तो अंश. महिन्यातून एखादा,
कधी नाहीच.
मीटिंगमध्ये सगळे वरचंच बघतात.
मला पंधरा वर्षं खालच्याचं वेड.
ज्यांना काही झालं नाही ते सगळे तिथं राहतात,
शिरोलीच्या फौंड्रीतला भाजलेला पोरगा,
कागलची ती बाळंतीण, जिला स्वतःचं नाव
तिसऱ्या दिवशी आठवलं.
घरी गेले, नळीच्या जागी तिळाएवढा डाग घेऊन,
आणि कुणी त्यांना सांगितलं नाही
की तुम्हाला काय काय झालं नाही.

भूपाल चौगुले, हुपरी.
पैंजणांना घुंगरं जोडणारे.
किडन्या गेल्या, हाताची शीर तयार व्हायची होती,
तोवर मानेत नळी.
नवव्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि वीस मिनिटांत
थंडीनं खाट वाजायला लागली.
अक्काताई म्हणाल्या, "तेवढा पंखा बंद करा हो."
पंखा बंदच होता.

रक्ताच्या दोन बाटल्या. एक नळीतून, एक हातातून,
एकाच वेळी भरलेल्या.
रात्री लॅबमधून इम्तियाजचा फोन:
"सिस्टर, नळीची बोलली."
हाताची अजून गप्प.
मी घड्याळासमोर बसून राहिले.
तास. दीड तास.
दोन तास दहा मिनिटांनी तीही.
तेवढ्या अंतरात सगळं आलं.
जंतू हुपरीहून आलेला नव्हता.
आमचा होता.

रविवारचा रकाना कोरा.
रविवारी दीपाली एकटी, पाच खाटा.
"टोक घासलेलं मी, सिस्टर. पंधरापर्यंत मोजून.
का दहापर्यंत. तेवढ्यात सातची बेल वाजली."
रडली नाही. बोटांच्या पेरांना
स्पिरिटनं पडलेल्या भेगा.
कारणांच्या खाली मी त्या भेगाही लिहिल्या.

डॉक्टर म्हणाले, "तिमाही संपत आलीय.
शून्यावर होतो आपण. छातीतलं म्हणून नाही चालणार?"
वाईट माणूस नाही.
पहाटे तीनला नळी त्यांनीच काढली,
दहा मिनिटं मानेवर बोट दाबून उभे होते.
मी पेनाला टोपण लावलं.

ताप उतरला त्या दुपारी काकांजवळ नुसती बसले.
ते चांदीचं बोलत होते.
"आटणीत घट हुतीच बघ.
धुरात जाती, मुशीत ऱ्हाती, नखात बसती.
माझा बा रोज लिवायचा.
शेजारचा न्हाई लिवायचा. त्येच्या वहीत
चांदी कधी घटलीच न्हाई."
"मग?"
"मग काय. दुकान गेलं."

खाली एक हजार बारा.
वर १,
मान वाकडी करून बसलेला आकडा.

मंगळवार-शुक्रवार ते येतात अजून.
हाताची शीर तयार झालीय. म्हणतात, "ठेव की हात."
ठेवते. कातडीखाली रक्त
मांजरागत घुरघुरत असतं.
मानेवर तिळाएवढा डाग.
माझ्या मोजणीत ते आता कुठंच नाहीत.